दस्तरख्वान, शिकारखाना आणि मुळशीतला श्वानमेळा

मुसलमान आणि कुत्रा हे दोन शब्द एका वाक्यात आले की पुढचे वाक्य आपल्याला पाठ असते. ‘तुमच्यात कुत्रा चालत नाही ना?’ असे बिगरमुस्लिम मित्र कुतूहलाने विचारतात आणि आपल्यातले बुजुर्ग ‘नाही चालत’ म्हणून विषय संपवतात. विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही एकाच समजुतीवर उभे असतात. ती समजूत कितपत खरी, एवढ्यावरच मला थांबायचे नाही. आपल्या मुलखात माणसे आपापले कुत्रे घेऊन कुठे एकत्र आली, कशासाठी आली आणि त्यात आपण कुठे होतो, हे पाहायचे आहे. कारण गेल्या काही वर्षांत पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात हे एकत्र येणे नव्या रूपात सुरू झाले आहे आणि आमच्या घरातलीही एक जण तिथे हौसेने जाते.

मुळशीतला रविवार

चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट, पौड करत ताम्हिणीच्या दिशेने निघाले की दोन्ही बाजूंना फार्महाऊस आणि रिसॉर्टच्या पाट्या लागतात. त्यातल्या काहींवर आता ‘पेट फ्रेंडली’ असेही लिहिलेले असते. सुट्टीच्या दिवशी इथे कुत्रेवाल्यांचे मेळावे भरतात. गेटवर माणसांचे ओळखपत्र कोणी विचारत नाही, कुत्र्याच्या लसीकरणाचे पुस्तक मात्र तपासले जाते.

माझी भाची कोंढव्यात राहते. एका पावसाळ्यात उभ्या टेम्पोखाली थरथरत बसलेले पिल्लू तिने घरी आणले. रंगावरून त्याचे नाव पडले बदाम. ‘मामू, तुम्ही इतिहासाच्या एवढ्या बाता मारता, एकदा येऊन बघा तरी,’ म्हणून तिने मला ओढत नेले.

तिथला गोंधळ सांगून कळणार नाही. पहिल्या दहा मिनिटांत चार पट्टे एकमेकांत अडकले आणि ते सोडवता सोडवता चार अनोळखी माणसे एकमेकांच्या मिठीत असल्यासारखी उभी राहिली. एक गोल्डन रिट्रीव्हर तलावातून बाहेर आला आणि इस्त्रीचा कुर्ता घातलेल्या गृहस्थांच्या अगदी जवळ येऊन त्याने अंग झटकले. एका बीगलने वाढदिवसाचा केक, ज्याचा वाढदिवस होता त्याच्या आधी संपवला. एवढे धिप्पाड रॉटवायलर, पण मांजराएवढ्या पॉमेरेनियनला घाबरून मालकिणीच्या ओढणीआड लपले. माणसांना तिथे स्वतःचे नाव नसते. ‘ब्रूनोची आई’, ‘सिंबाचे बाबा’, ‘शेराचे आजोबा’ अशीच हाक मारली जाते. दुपारपर्यंत मीही ‘बदामचे मामू’ झालो होतो.

मात्र एक प्रश्न प्रत्येकजण प्रत्येकाला विचारत होता. ‘कोणत्या जातीचा?’ इंग्रजीत ‘ब्रीड’ म्हणून सुटका होते. मराठीत कुत्र्यालाही जातच असते. भाचीने ‘गावठी’ म्हटले की समोरचा क्षणभर थांबायचा आणि मग समजूत घातल्यासारखे म्हणायचा, ‘आपले देशी कुत्रे हुशार असतात हं.’ बदामला याचे काही नव्हते. तो ज्याच्यात्याच्या शेपटीचा वास घेत फिरत होता. कुंपणाबाहेर रखवालदाराचा कुत्रा बसला होता, तोही गावठीच. त्याच्याकडे लसीचे पुस्तक नव्हते, म्हणून तो बाहेर होता.

हे सगळे पाश्चात्त्यांचे फॅड आहे, असे परतताना माझ्या मनात आले नाही. उलट यात काही फार जुने आहे असे वाटले.

बादशाही शिकारखाना

अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’मध्ये शिकारीच्या प्रकरणात कुत्र्यांची नोंद केली आहे. बादशहाला हा प्राणी त्याच्या गुणांमुळे आवडतो, देशोदेशीचे कुत्रे मागवले जातात, काबूलकडचे आणि त्यातही हजारा भागातले उत्तम असतात, त्यांना सजवतात आणि नावे ठेवतात, असे तो सांगतो. म्हणजे सजवलेले, नाव असलेले कुत्रे आणि त्यांच्याभोवती जमलेली माणसे हे दृश्य सोळाव्या शतकातलेही आहे.

याच दरबारातला अब्दुल कादिर बदायुनी याच गोष्टीवर चिडलेला दिसतो. काही दरबारी कुत्र्यांना दस्तरख्वानावर घेऊन त्यांच्यासोबत जेवतात, असे तो संतापाने लिहितो. त्याच्या रागाचा रोख ज्यांच्यावर होता, त्यात अबुल फजलचा भाऊ, कवी फैजी होता. हाच फैजी १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून खानदेश आणि अहमदनगरच्या दरबारांकडे दख्खनेत आला होता. बदायुनी कर्मठ होता आणि फैजीवर त्याचा व्यक्तिगत रागही होता, हे लक्षात ठेवूनच त्याचे वाचायला हवे. तरीही त्याच्या तक्रारीतून एक गोष्ट निघतेच. कुत्रा चालतो की नाही, यावर मुसलमानांमध्ये तेव्हाही एकमत नव्हते आणि हा वाद एकाच दरबारातल्या दोन विद्वानांमध्ये चालू होता.

जहांगीरच्या काळात इंग्लंडहून मॅस्टिफ जातीचे दांडगे कुत्रे आले. सर टॉमस रो यांच्यासोबतचे पाद्री एडवर्ड टेरी यांनी लिहून ठेवले आहे की या कुत्र्यांना पालखीतून नेले जाई आणि त्यांच्यावरच्या माश्या वारायला माणसे नेमलेली असत. मुळशीत एका पगला बॅटरीच्या पंख्यासमोर बसवलेले मी पाहिले, तेव्हा मला टेरी आठवला.

किताबात काय आहे?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कुरआनच्या अठराव्या सुरेत, सूरह कहफमध्ये, गुहेत झोपी गेलेल्या श्रद्धावान तरुणांची कथा आहे. त्यांचा कुत्रा उंबरठ्यावर पाय पसरून त्यांच्यासोबत आहे आणि त्यांची गणती करतानाही त्याला मोजले गेले आहे. परंपरेने त्याला कित्मीर असे नाव दिले. पाचव्या सुरेत शिकवलेल्या शिकारी कुत्र्याने पकडलेले सावज, अल्लाहचे नाव घेऊन, खाण्यास मुभा आहे. तहानलेल्या कुत्र्याला मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्याची मगफिरत झाल्याची हदीस तर मदरशातल्या लहान मुलालाही माहीत असते. बुखारीतच अशीही नोंद आहे की पैगंबरांच्या काळात कुत्रे मस्जिदीत ये-जा करत आणि त्यासाठी जमीन धुतली जात नसे.

दुसऱ्या बाजूच्या हदीसही आहेत. कुत्र्याने भांड्यात तोंड घातले तर ते सात वेळा धुवावे, कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, शिकार, शेती आणि गुरांची राखण सोडून कुत्रा पाळला तर पुण्य घटते. ही वचने लपवण्याचे कारण नाही. त्यांचा अर्थ लावतानाच फिकहच्या चार शाखा वेगळ्या झाल्या. इमाम मालिक यांच्या शाखेत जिवंत कुत्रा पाक मानला जातो. हनफींमध्ये त्याची लाळ नापाक, अंग नव्हे. शाफईंमध्ये दोन्ही नापाक, आणि सात वेळा धुताना एकदा मातीने धुवायचे.

हा भेद आपल्या महाराष्ट्रात घरातल्या घरात सापडतो. घाटावरचे मुसलमान बहुतांश हनफी, कोकणी मुसलमान बहुतांश शाफई. माझे वडील घाटावरचे, अम्मीचे माहेर कोकणातले. म्हणून बदाम घरात आला तेव्हा आमच्याकडे ‘इस्लाम काय म्हणतो’ असा वाद झालाच नाही. वाद झाला तो ओल्या नाकाचा आणि कोरड्या अंगाचा. अम्मीने शेवटी आतली खोली नमाजसाठी राखून घेतली, बदामचे भांडे वेगळे केले आणि विषय मिटवला. आमच्या पूर्वजांनीही असेच काही केले असणार. राखणीला कुत्रा नसलेले शेत आणि वस्ती आपल्या मुलखात विरळाच.

अरबी साहित्यही या बाबतीत गप्प नाही. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिजने आपल्या ‘किताब अल-हैवान’मध्ये कुत्रा श्रेष्ठ की कोंबडा यावर लांबलचक वादविवाद रंगवला. बगदादच्या इब्न अल-मरझुबानने तर एक पुस्तकच लिहिले, ज्याच्या नावाचा अर्थ होतो ‘कपडे घालणाऱ्या अनेकांपेक्षा कुत्र्यांची श्रेष्ठता’. हा लेखक ९२१ मध्ये वारला. हजार वर्षांहून जुने हे शीर्षक मुळशीतल्या मेळाव्यात कोणाच्याही टी-शर्टवर शोभले असते.

खंडोबाचा वाघ्या, दत्ताचा मलंग

पुणे जिल्ह्यातच जेजुरी आहे. खंडोबाच्या घोड्यासोबत त्याचा कुत्रा असतो. त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. हातातल्या कोटंब्यात भिक्षा घेतात, आणि काही विधींत भुंकत ती खाण्याचीही प्रथा आहे. निष्ठेसाठी माणसाने कुत्र्याचे रूप घ्यावे, यात त्यांना कमीपणा वाटत नाही. याच खंडोबाला मुसलमान भाविकांनी मल्लूखान म्हटले. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर या अभ्यासकांनी या नात्यावर लिहिले आहे.

दत्ताभोवतीही कुत्रे असतात, हे प्रत्येक मराठी घरातल्या तसबिरीत दिसते. पण महिपतीने लिहिलेल्या संतचरित्रातली एक कथा तसबिरीत येत नाही. देवगिरीवर जनार्दनस्वामींना आणि त्यांचा शिष्य एकनाथाला दत्त भेटतो तो मलंग फकिराच्या वेषात, सोबत कुत्री घेऊन. ती कुत्री म्हणजे कामधेनू. तिच्या दुधात भाकरी कुस्करून गुरू आणि मलंग एका ताटात जेवतात, आणि तरुण एकनाथ मात्र बिचकतो. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे सूफी होते, त्यांचे स्थान दौलताबादेत आहे. ढेऱ्यांनी या मलंगाचा संबंध त्यांच्याशी जोडला.

ही कथा मला महत्त्वाची वाटते. कारण तिच्यात एकाच ताटापाशी दोन विटाळ येतात. एक कुत्र्याचा आणि दुसरा मुसलमानाचा. एकनाथाला दोन्ही ओलांडायचे आहेत. कुत्र्यासोबत बसणे आणि परक्यासोबत बसणे, या दोन गोष्टी आपल्या समाजात पूर्वीपासून जोडलेल्या आहेत.

१८३२ ची मुंबई

परक्यांना एकत्र आणण्याचे काम कुत्र्यांनी मुंबईत तर उघडपणे केले. कंपनी सरकारने शहरातले भटके कुत्रे उन्हाळ्यात मारण्याचा नियम केला होता. १८३२ मध्ये ही मोहीम वाढवली गेली. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्याने शिपाई घराच्या ओट्यावरचे, पाळलेले कुत्रेही उचलू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. मृतदेहाजवळ कुत्रा आणण्याचा ‘सगदीद’ हा विधी त्यांच्यात आहे. ६ जूनला पारशांनी शिपायांना अडवले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, किल्ल्यातल्या आणि लष्करी छावणीतल्या लोकांचा भाकरी-पाण्याचा पुरवठा अडला. या बंदमध्ये हिंदू आणि जैन होते, तसे इस्माइली मुसलमानही होते. सैन्य बोलावून सरकारने दंगा मोडला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जिजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली.

मुंबईतल्या दंगलींचा इतिहास सांगताना आपण नेहमी कोण कोणाविरुद्ध होते ते सांगतो. ही दंगल कोण कोणासोबत होते, म्हणून लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्याच शतकात साहेबांनीही आपले मेळावे भरवले. ‘पूना अँड किर्की हाउंड्स’ नावाने पुण्याच्या लष्करी छावण्यांतले अधिकारी शिकारीला निघत. विलायतेत ते खोकडामागे धावत, इथे कोल्ह्यामागे. फॉक्सहाउंड जहाजाने येत. त्यांचे पट्टे धरणाऱ्या देशी नोकरांना ‘डोरिया’ म्हणत, डोर धरणारा म्हणून. मेळाव्याच्या तसबिरीत साहेब असे, कुत्रे असत. डोरिया बहुधा कडेला असे.

मुधोळ आणि जुनागढ

दख्खनच्या लांब पायांच्या शिकारी कुत्र्याला गावाकडे कारवानी म्हणतात. अरब, इराणी, अफगाण काफिल्यांसोबत आलेल्या साळुकी आणि ताजी कुत्र्यांशी त्याचे नाते जोडले जाते. ज्याच्या कानाशेपटीला लांब केस असतात त्याला पश्मी म्हणतात, हा शब्द सरळ फारसीतून आलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोपासना केली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला एक जोडी भेट दिली. तेव्हापासून तो जगाला ‘मुधोळ हाउंड’ म्हणून माहीत झाला. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. पुढे लष्करानेही त्याची निवड केली. घोरपडे हे बहमनी आणि आदिलशाही दरबारात नाव मिळवलेले मराठा घराणे. काफिल्यातून आलेला कुत्रा, फारसी नाव, मराठा राजा आणि राखण करणारे गावकरी, अशी ही दख्खनी मिसळ आहे.

याच काळात जुनागढचे नवाब महाबत खान तिसरे यांच्याकडे शेकडो कुत्रे होते. त्यांनी आपल्या लाडक्या कुत्रीचे लग्न पाहुणे बोलावून, थाटामाटात लावले, ही हकीकत फाळणीवरच्या पुस्तकांतून घरोघरी पोचली. ऑक्टोबर १९४७ मध्ये ते कुत्र्यांसह कराचीला निघून गेले, हेही चवीने सांगितले जाते. प्रजेचा पैसा असा उधळणे समर्थनीय नाही. पण याच नवाबाने गीरच्या सिंहांना संरक्षण दिले, हे त्याच चवीने कोणी सांगत नाही. राजेरजवाड्यांपैकी एकाचा शौक वारसा ठरतो आणि दुसऱ्याचा चेष्टेचा विषय होतो. इतिहास वाचताना आपण हे तराजू तपासून घेतले पाहिजेत, आपले स्वतःचेही.

कुंपणाच्या आत आणि बाहेर

पुन्हा मुळशीकडे येऊ. जिथे आज हे रिसॉर्ट आहेत, त्या खोऱ्यात १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. मुंबईला वीज देण्यासाठी टाटा कंपनी मुळा नदीवर धरण बांधत होती आणि मावळ्यांची गावे, भाताची खाचरे पाण्याखाली जाणार होती. सेनापती बापटांनी नेतृत्व केले, लोक तुरुंगात गेले. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा तिथली. १९२४ पर्यंत लढा चालला, धरण मात्र झाले. आज पर्यटक ज्याला ‘लेक व्ह्यू’ म्हणतात, त्या पाण्याखाली ती गावे आहेत. मी ज्या रखवालदाराशी बोललो त्याच्या आज्याचे शेतही त्यातच गेलेले. तो आता त्याच काठावर दुसऱ्यांच्या कुत्र्यांसाठी गेट उघडतो.

ही गोष्ट मेळाव्याचा आनंद खोटा ठरवत नाही. पण आनंदाची जागा कोणाची होती, हे माहीत असलेले बरे.

आणि त्या आनंदाचे मोल मला आमच्या घरात कळले. भाची पुण्यात मोठे घर शोधत होती. एका सोसायटीत फोनवर ‘पाळीव प्राणी चालतील’ असे सांगितले गेले. भेटायला गेल्यावर आडनाव विचारले आणि मग घर अचानक ‘दुसऱ्याला दिले’ गेले. कुत्रा चालत होता, ती चालत नव्हती. ‘तुमच्यात कुत्रा चालत नाही ना?’ या नेहमीच्या प्रश्नाचा हा उलटा प्रकार मी तेव्हा प्रथम ऐकला.

त्याच वर्षी दिवाळीत, मुळशीच्या मेळाव्यात ओळख झालेल्या कोथरूडच्या एका बाईंचा फोन आला. त्यांची लॅब्रेडॉर फटाक्यांनी वेडीपिशी होते. ‘तुमच्या भागात फटाके कमी असतात ना, चार दिवस ठेवाल का?’ कोंढव्याबद्दल पुण्यात बरेच काही बोलले जाते, पण तिथे शांतता मिळेल म्हणून कोणी यावे, हे नवीन होते. लॅब्रेडॉर आली. अम्मीने तिच्यासाठीही वेगळे भांडे काढले. पुढे अम्मी दवाखान्यात असताना बदाम आठ दिवस कोथरूडला राहिला, आणि त्या बाई अम्मीला भेटायला डबा घेऊन आल्या.

घर नाकारणारी सोसायटी यामुळे बदललेली नाही. कुत्र्यांच्या मेळाव्यांनी जातीय तेढ मिटते, असे म्हणायला मी भाबडा नाही. त्या मेळाव्यातही जात विचारली जातेच आणि गावचा कुत्रा बाहेरच बसतो. पण एकमेकांचे उंबरठे ओलांडायला माणसांना काहीतरी निमित्त लागते. देवगिरीवर ते एका ताटाचे होते, मुंबईत १८३२ मध्ये ओट्यावरून उचललेल्या कुत्र्याचे. आज ते मुळशीत, चिखलात लोळलेल्या चार पायांच्या रूपात मिळत असेल, तर फिकहचे भांडे वेगळे ठेवूनही ते घेता येते. आपल्या पोरींनी ते घेतलेले आहे. आपण बुजुर्गांनी निदान ‘आपल्यात चालत नाही’ म्हणून दार लावू नये.